शीतलासप्तमीचे ऊन पाणी

धार,
चैत्र शुद्ध पंचमी, दुपार

बापूसाहेब,

दोन्ही हात जोडून आणि गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहावे तर आपण माझ्याहून अवघे दीड वर्षांनी मोठे. ‘प्रिय मित्र’ लिहावे तर आपण माझ्या पत्नीचे थोरले बंधू, त्यातून देवासच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या गादीच्या बाजूचे. म्हणून नुसते नाव लिहून बाकीचा आदर कागदाच्या कोऱ्या समासात ठेवला आहे, तो आपण आपल्या मापाने घ्यावा. आपली साखर कशी आहे? सकाळी टेकडीवर चालत जाण्याचा नेम चालू आहे ना? वहिनींच्या कंबरेला उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे मी क्षेम आहे. माशांचे पुढे लिहितो.

आपली भगिनी सौ. कुसुमावती शीतलासप्तमीच्या दुपारी एकच पिशवी घेऊन आपल्याकडे आली ती अजून तिकडेच आहे, याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. माहेर आहे, हवा चांगली आहे, देवी जवळ आहे. राहू दे हवी तितकी. माझा फोन ती उचलत नाही. आपण उचलता तेव्हा मागून तिचा आवाज येतो, “सांगा, ती झोपलीय.” (झोपलेली माणसे स्वतःची खबर इतक्या खणखणीत आवाजात देतात हे मला नवीन होते.) म्हणून पत्र लिहायला बसलो. एकाच बाजूचे ऐकून निकाल देऊ नये, हे आयुष्य कोर्टाच्या खुर्चीत घालवलेल्या आपल्यासारख्यांना मी काय सांगावे? शिवाय मराठीत लिहिले की पत्र आपोआप गुप्त राहते. आपली नातवंडे काय आणि आमची लेक गुंजन काय, हिंदी शाळेत शिकलेली; बोलतात झकास, पण मराठीच्या चार ओळी वाचायच्या म्हटल्या की प्रत्येक जोडाक्षरापाशी रेल्वे फाटक लागल्यासारखी थांबतात. तेव्हा हे पत्र टेबलावर उघडे पडले तरी ते फक्त आपण चार म्हातारी माणसेच वाचू शकतो. ही सोय पुढच्या पिढीला मिळणार नाही.

आता मुळापासून सांगतो. गुंजन नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिची काचेची पेटी (जग जिला फिश टँक म्हणते) आमच्या बैठकीत राहिली. कुसुम सुरुवातीला तिच्याकडे ढुंकून बघेना. घरात पाणी साठवले की डास होतात, एवढेच तिचे मत. मी मात्र हरखलो. मराठी शाळा सुटली की आम्ही मुले मुंज तलावाच्या पायरीवर बसून माशांना फुटाणे घालायचो आणि दुसऱ्या दिवशीच्या कविता त्यांनाच म्हणून दाखवायचो. मास्तरांपेक्षा मासे बरे. चुकलो तरी तोंड उघडून ‘वा’ म्हणायचे. ती शाळा बंद पडून युगे झाली. ज्या धारेत, म्हणतात, एका श्लोकाला राजा लक्ष मोहरा द्यायचा, त्या धारेत आज श्लोकाचा पहिला शब्द उच्चारला की माणसांना दूध तापत ठेवल्याची आठवण होते. मी पुन्हा माशांकडे वळलो यात माझी काय चूक? त्यांना मी शाळेत घोकलेल्या वृत्तांची नावे दिली. उंच पंखांची एंजल, संथ पावले टाकावीत तशी पोहते, ती मंदाक्रांता. खडीतून सापासारखा वळवळत जाणारा लांबट मासा, लोच म्हणतात त्याला, तो भुजंगप्रयात. गप्पी मासे अखंड वाढतच जातात, एक संपते तोवर दुसरी तयार, म्हणून त्यांना सरसकट ओव्या. आणि काळीभोर, गुबगुबीत मॉली ती पृथ्वी. हिनेच कुसुमला फितवले. सकाळी कुसुम कप घेऊन टँकसमोरून जायला लागली की पृथ्वी काचेला तोंड लावून उभी. होता होता कुसुम तिथे खुर्ची टाकून बसू लागली, आणि लेकीशी बोलावे तशी तिच्याशी बोलू लागली. शेंगदाणे काय भाव झाले, शेजारच्या नीतू भाभीने नवी मिक्सी कशी घेतली. मला यातले काही ती सांगत नसे. मी शेजारी बसून ऐकायचो, तेवढ्यावर माझे घर चालायचे.

होळीनंतर मी माशांचे खाणे आणायला अंशुलच्या दुकानात गेलो. तिथे एका कोपऱ्यातल्या टँकमध्ये एक गोरामी जातीचा मासा एकटाच भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला गलबलून आले. अंशुलने ते हेरले. “ले जाओ दादाजी, एकदम फ्रेश पीस है. अकेला है बिचारा, आपके यहाँ मन लग जाएगा.” नवीन मासा आणला की आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवावा, असा गुंजनचा दंडक होता. तो मला अमानुष वाटला. पाहुणा आला तर त्याला आपण पंधरा दिवस ओसरीवर बसवून ठेवतो का? मी त्याला थेट माजघरात घेतला. तो कुठल्याच चालीत पोहत नसे, मनाला येईल तिथे वळायचा, मनाला येईल तिथे थांबायचा. त्याचे नाव मुक्तछंद ठेवले. (वृत्तबद्ध घरात याला घेऊ नये हे मला तेव्हाच कळायला हवे होते.)

फाल्गुन वद्य षष्ठीला (शेजाऱ्यांच्या पंचांगात तेव्हा चैत्र असतो, मालव्यात आपण मराठी लोक प्रत्येक महिन्यातले पंधरा दिवस शेजाऱ्यांहून वेगळ्या महिन्यात राहतो, भिंत तेवढी एक) सकाळी कुसुमची हाक आली. “अहो, इकडे या. पृथ्वीला देवी आल्या.” गेलो. खरोखरच तिच्या काळ्या अंगावर बारीक बारीक पांढरे ठिपके, जणू कोणी वरून रवा भुरभुरला. मंदाक्रांता दगडाला अंग घासत होती, सुसंस्कृत बाईने चारचौघांत पाठ खाजवावी तशी, म्हणजे नाइलाजाने. आणि दुसऱ्या दिवशी शीतलासप्तमी! देवीने घर बरोबर निवडले, दिवसही. आपण जाणताच, आपल्या घरांतून श्रावणातली सप्तमी महाराष्ट्राची म्हणून पाळतात आणि होळीनंतरची मालव्याची म्हणून. त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीच्या पुऱ्या, गोड भात, दही. अंघोळीचे पाणीसुद्धा तापवायचे नाही. कुसुमला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या तेव्हा देवासच्या घरात कितीतरी दिवस फोडणी पडली नव्हती, ही कथा आपणच मला लग्नाच्या पंगतीत सांगितली होती. तेच सारे शिष्टाचार तिने टँकला लावले. फोडणी बंद. मोठ्याने बोलणे बंद. झाकणावर कडुनिंबाच्या डहाळ्या, आणि थोडा पाला आतही, त्यामुळे पाण्याला दुपारपर्यंत काढ्याचा रंग आला. मला कविता मनातल्या मनात म्हणण्याचा हुकूम झाला. खरे सांगतो, मलाही हे सगळे पटले होते. इतके मऊ वातावरण आमच्या घरात बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

संध्याकाळी गुंजनचा व्हिडिओ कॉल आला आणि वातावरण संपले. “आई, देवी-बिवी काही नाही! पॅरासाइट आहे ते. किडा असतो बारीक, माशाच्या कातडीत शिरून बसतो. कडुनिंब काढा आधी. बाबा, पाणी गरम करायचं आहे, पण धीरे-धीरे हां, एकदम नाही. आजच हीटर आणा आणि ते निळं औषध.” मी विचारले, अंघोळीच्या बादलीत टाकतो तो रॉड चालेल का? त्यावर पुण्याहून जो आवाज आला त्याने मंदाक्रांता वर्गात नाव पुकारल्यासारखी दचकली. कुसुम शांतपणे म्हणाली, “उद्या सप्तमी आहे. उद्या या घरात ऊन पाणी होणार नाही. परवा काय ते करा.” गुंजन म्हणाली, परवापर्यंत उशीर होईल. मी दोघींनाही ‘बरं’ म्हटले. संसारात मी आजवर जितक्या वेळा अडचणीत आलो त्यातल्या बहुतेक वेळा मी नुसते ‘बरं’ म्हटलेले होते.

पहाटे कुसुम गार पाण्याने अंघोळीला गेली तेवढ्यात मी हीटर लावला. अंशुलने तो देताना सांगितले होते, “ऑटोमैटिक है दादाजी. लगाओ और भूल जाओ.” मी तो मोठ्या दगडामागे खोचला, पुढे निंबाचा पाला सारला, तार पडद्याआडून घेतली, आणि दुकानदाराच्या सूचनेप्रमाणे खरोखरच विसरलो. विसरलो ते एवढेच की हीटर तापत असला की त्याच्या डोक्याचा लाल दिवा लागतो. ओल्या केसांनी कुसुम बैठकीत आली. बाहेर अजून पुरते उजाडलेले नव्हते. हिरव्या पाण्यात, दगडामागून, पानापानांतून लाल उजेड पाझरत होता आणि त्यातून ठिपक्याठिपक्यांची पृथ्वी सावकाश गेली. कुसुम जागच्या जागी थांबली. “अहो,” म्हणाली, “ज्योत.” आणि तिने हात जोडले. बापूसाहेब, मी तेव्हा बोलायला हवे होते. मी तोंड उघडलेही होते. पण शाळेतली एक ओळ मला त्याच क्षणी आठवली, आणि ओळ आठवली की माझे बोलणे राहून जाते, हा माझा जन्माचा रोग आहे.

पुढचे सारे उतारावरच्या चाकासारखे झाले. कुसुमने नीतू भाभीला बोलावले. नीतू भाभीने गल्लीला बोलावले. गार पुऱ्या आणि दह्याच्या वाट्या घेऊन बायका टँकपुढे ओळीने बसल्या, मालवी गाणी सुरू झाली, कोणी काचेला हळदीकुंकवाची बोटे लावली. कोणी दही पाण्यात सोडणार होते; माशांचा निर्जळी उपास आहे असे काहीतरी सांगून मी ते थोपवले, आणि पाण्यात राहून निर्जळी कशी यावर कोणी विचार करायच्या आत दुसऱ्या आरतीला सुरुवात करून दिली. शीतलेचे वाहन गाढव, हे आपण जाणताच. त्या सकाळी आमच्या बैठकीत ते मीच होतो. कुसुमचा चेहरा, बापूसाहेब, असा फुललेला होता की काय सांगू. एवढ्या वर्षांत गल्लीतल्या बायका आमच्याकडे ‘मराठी काकी, पुरणपोळीवाली’ म्हणूनच येत आल्या, आज पहिल्यांदा देवीमुळे येत होत्या. मग नीतू भाभी काचेला कपाळ टेकवायला वाकली आणि किंचाळली, “हाय राम! काकीजी, यो काँच तो तातो हे!” गाणे थांबले. एकेकीने तळहात लावून पाहिला. गरम. शीतलेच्या दिवशी. नीतू भाभी शोधक स्वभावाची बाई, तिने पडद्यामागून तार धरली, बोटाने माग काढत काढत भिंतीपाशी गेली आणि वळून मला विचारले, “काकाजी, माताजी को प्लग लगाया है क्या?”

हसल्या सगळ्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या. कुसुम उठली. तिने पदराने काचेवरचे कुंकू पुसले, प्रत्येकीच्या हातावर पुरी-दही ठेवले, दारापर्यंत पोचवले. दुपारी पिशवी भरली. ऑटोत बसताना मला म्हणाली, “हीटर लावलात याचं मला काही नाही. मी हात जोडले तेव्हा तुम्ही बोलला नाहीत.” ऑटोवाल्याने गाडी सुरू केली. ही माझी बाजू. लिहून झाल्यावर वाचली तर ती तिचीच बाजू वाटते आहे, पण आता पान उलटले, खाडाखोड करवत नाही.

त्या दिवसापासून मी आणि आजारी माशांचा एक वॉर्ड असा संसार सुरू आहे. पहिला घोळ औषधाचा झाला. गुंजनने थेंबांचे माप फोनवर सांगितले. माझी नजर आता थेंबावर ठरत नाही, म्हणून युक्ती काढली की अनुष्टुभाचा एक चरण म्हणावा, एका अक्षराला एक थेंब, चरण संपला की हात वर. युक्ती निर्दोष होती. पण बापूसाहेब, एक चरण म्हणून कोणी थांबतो का? मी दुसऱ्यात शिरलो, तिसरा तर फारच रसाळ होता, आणि श्लोक पुरा करून डोळे उघडले तर टँकमध्ये शाईची दौत उपडी झाल्यासारखे पाणी आणि भुजंगप्रयात खडीवर आडवा. त्याच्या अंगाला खवले नाहीत. ज्याचे कातडे पातळ त्याला औषधच आधी झोंबते. (कवींचेही असेच.) गुंजनला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, अर्धं पाणी बदला, आत्ता! पण नळाचं डायरेक्ट नाही, त्यात क्लोरीन असतं. कालचं भरून ठेवलेलं शिळं पाणी घाला, टँकइतकंच कोमट करून.” हे वाक्य कुसुमला जसेच्या तसे सांगावे अशी माझी विनंती आहे. शिळे! देवीला शिळे लागते आणि माशांनाही शिळेच लागते. मतभेद उरला तो फक्त कोमटपणाचा. एवढ्यासाठी कोणी देवास गाठते का? असो, मी तक्रार करणार नाही असे वर लिहिलेले आहे. तर आता घरात बादल्या, पातेली, पिंप, कळशी, सगळे भरून ठेवलेले असते आणि मी त्यांच्यामधून वाट काढत चालतो.

तिसऱ्या दिवशी ठिपके गेले! पृथ्वीचे अंग पुन्हा काळे कुळकुळीत. मी आपणांस फोन करून ‘रोग हटला’ अशी जी घोषणा केली ती त्याच आनंदात. हीटर काढला, औषध माळ्यावर ठेवले आणि दोन ओळी रचल्या:

ठिपका गेला, मासा न्हाला,
बोटे निळी, जीव निवाला.

(अलंकार नाही, पण प्रसाद आहे.) दोन दिवसांनी उठून बघतो तो सगळ्यांच्या अंगावर पूर्वीच्या दुप्पट रवा. ओव्यांच्या शेपट्यांवरसुद्धा. गुंजन फोनवर कपाळाला हात लावून बोलत होती हे ऐकूही येत होते. “बाबा, ठिपका गेला म्हणजे किडा मेला असं नाही ना! तो फुगला की खाली पडतो, खडीत बसून फुटतो, त्याचे शेकडो होतात, आणि ते पोहत पोहत परत माशावर चढतात. ते पाण्यात पोहत असतात ना, तेव्हाच औषध लागतं त्यांना. कातडीत असताना काहीच होत नाही. म्हणून ठिपके दिसेनात तरी इलाज चालू ठेवायचा असतो.” मी थक्क झालो. दिसतो तेव्हा हात लावता येत नाही, आणि दिसेनासा होतो तेव्हाच खरा समोर असतो! आपल्या भगिनीच्या रागाविषयी हे मला लग्नातच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. ती गप्प झाली की मी दर वेळी ‘रोग हटला’ समजून पेपर उघडत आलो.

तेव्हा पुन्हा हीटर, पुन्हा औषध, पुन्हा शिळे पाणी. खडीतली घाण रबरी नळीने ओढून काढायची असते. नळीला तोंड लावून पाणी ओढायचे आणि तोंडात यायच्या आधी नळी बादलीत सोडायची. या ‘आधी’त माझे नेहमी चुकते. जीभ निळी झाली आहे. शंकराने घशात अडवले, माझे थोडे अलीकडे अडकले इतकेच. पाडव्याला गुढी उभारली, पण खणाच्या कपाटाची किल्ली आपल्या भगिनीबरोबर देवासला. म्हणून माझे उपरणे बांधले, ज्यावर औषधाचे निळे शिंतोडे उडालेले होते. नीतू भाभी गच्चीवरून ओरडली, “काकाजी, अबके तो गुड़ी को भी माता निकल आई!” हसतो आम्ही आता या गोष्टीवर. म्हणजे ती हसते.

सध्याचे वर्तमान बरे आहे. मंदाक्रांता अंग घासत नाही आणि खाणे टाकले की वर येते. भुजंगप्रयात दगडाखालून अर्धा बाहेर आला आहे. ओव्या कमी झाल्या असाव्यात. किती ते सांगता येत नाही, ओव्या मोजून कोणी ठेवतो का? मुक्तछंदाच्या अंगावर पहिल्यापासून आजतागायत एक ठिपका नाही. घरात रोग घेऊन आला तो, आणि आता मधोमध छाती काढून फिरतो. त्याच्याशी मी बोलत नाही. माझे स्वतःचे उत्तम चालले आहे. सकाळी पोहे करतो, फोडणी आता जळत नाही, संध्याकाळी खिचडी. कुसुमची खुर्ची टँकसमोर आहे तिथेच आहे. मी माझीच वापरतो. घरात दिवसभर फिल्टरचा बुडबुड आवाज असतो, त्यामुळे अगदी कोणी बोलत नाही असे वाटत नाही. तिला यातले काही सांगायची गरज नाही. हवापालट पुरता होऊ द्या.

वहिनींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद, त्यांना ही ओळ वाचता येणार नाही तरी. लोभ आहेच, त्यात या घोळामुळे घट आली असल्यास ती माझ्या नावावर घालावी.

आपला,
निळ्या बोटांचा
माधव

ता. क. वर सगळ्यांची खुशाली लिहिली आणि पृथ्वीची लिहिली नाही, हे जज्जांच्या नजरेतून सुटले नसेल. ठिपके परत आले ते तिला सोसले नाहीत. शुक्रवारी सकाळी ती वर आली नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवली आहे. कुसुमला हे माझ्याने सांगवत नाही. आपल्याला अप्रिय निकाल सरळ आवाजात वाचायची सवय आहे, तेव्हा आपणच सांगा. जेवायच्या आधी नको, आणि ती टेकडीवर निघाली असेल तेव्हाही नको. औषध जास्त झाल्याने गेली असे म्हणू नका. तसे नव्हते. (असेल. गुंजन नाही म्हणते, पण गुंजन माझी मुलगी आहे.) खरे पत्र एवढेच, वरची पाने या ओळींपाशी यायला धीर गोळा करण्यात गेली.

ता. क. दुसरा. ती पहाटे हात जोडून उभी होती तेव्हा मी का बोललो नाही, असे तिने आपल्याला विचारले तर कवितेचे कारण सांगू नका. मी वर ते लिहिले आहे, पण ते खरे नाही. कुठलीही ओळ आठवली नव्हती. केस ओले होते, तोंडावर तो लाल उजेड होता आणि ती लग्नात दिसली तशी दिसत होती. बोललो असतो तर ते संपले असते. आता हे आपण तिला आपल्या तोंडाने सांगू नये, आपल्या आवाजात ते भलतेच वाटेल. पत्र असे उघडे टेबलावर ठेवा, चष्मा वर ठेवा म्हणजे वाऱ्याने उडणार नाही, आणि अंघोळीला जा. अंघोळ सावकाश करा.

ता. क. तिसरा, माझा.

दादा, सुखरूप पोचले. इंदूरला गाडी लगेच मिळाली. दार नुसते लोटलेले होते. हे माझ्या खुर्चीत बसून (स्वतःच्या नव्हे) टँकसमोर झोपले होते, पेन हातात, पत्र मांडीवर. वाचले सगळे. पृथ्वीचे मला गुंजनने त्याच दिवशी सांगितले होते. तेव्हापासूनच जीव लागेना; तुम्हाला मात्र वहिनींनी बांधून दिलेले लोणचे घरी पोचवायचे कारण सांगून निघाले. पोहे आणि खिचडी यांवर विश्वास ठेवू नका. ओट्यावर फक्त बिस्किटांचे पुडे आहेत आणि गॅसवर कोळी. पाण्यात हात घालून पाहिला. ऊन आहे. असू दे, तसेच ठेवणार आहे. देवीशी माझे मी बोलेन.

पण एक काम करा. गुंजन म्हणते, औषध रोज घालायचे नसते, मधे दिवस सोडायचा असतो. हे कालचे विसरून आज पुन्हा श्लोक म्हणतात. असेच चालले तर मंदाक्रांताही राहणार नाही. समोर असले तर मला त्यांच्या हातून बाटली काढून घेववणार नाही, कारण ते वाईट तोंड करतात. म्हणून यांना उद्या पहिल्या गाडीने तुमच्याकडे पाठवते. तुम्हाला एकटे वाटते, तुम्हीच बोलावले आहे, असे सांगितले आहे, तसेच वागा. मासे धड झाले की मी फोन करीन, त्याच दिवशी परत गाडीत बसवा. एक दिवसही जास्त ठेवू नका.

दुसरा ता. क. मी वाचला नाही असे त्यांना वाटते. तसेच वाटू दे. जाग आल्यावर त्यांनी घाईघाईने पाकीट शोधून पत्र आत बंद केले, तेव्हा मी समोर बसून शेंगा सोलत होते. नंतर मी ते पुन्हा उघडले आणि हे लिहून चिकटवले. पोस्टात टाकत नाही, हे स्वतःच हातात घेऊन येतील. तुम्ही वाचाल तेव्हा समोरच बसलेले असतील. हसू नका.

कुसुम